मूठभर भुसा

पाळीव प्राण्यांत मांजराइतका नीटनेटका प्राणी क्वचितच आढळेल. गाय दावणीला उभ्या उभ्या शेण टाकते. ते उचलण्याचे काम गोठ्यातल्या माणसाचे. कुत्रा चारचौघांच्या देखत आपला विधी उरकतो आणि पुढे चालू लागतो. मांजराचे तसे नाही. ते प्रथम एकान्ताची जागा शोधते. तेथील माती हुंगते, पुढच्या पायांनी लहानसा खळगा करते आणि विधी उरकल्यावर पुन्हा वळून तो खळगा बुजवते. एवढ्यानेही त्याचे समाधान होत नाही. ते पुन्हा हुंगते, पुन्हा चार वेळा माती ओढते आणि मग कोठे अंग झटकून, काही घडलेच नाही अशा मुद्रेने निघून जाते. हे त्याला कोणी शिकवीत नाही. जेमतेम महिनाभराचे पिलूदेखील मोकळी माती दिसताच तिच्यावर पंजा मारू लागते.

वऱ्हाडातील जुन्या घरांत मांजराच्या या सवयीची कोणाला अडचण वाटत नसे. घरामागे परसू असे, परसात राखेचा ढीग असे, पलीकडे उकिरडा असे. सरपणाच्या खोलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या रचलेल्या असत. त्यांच्या बुडाशी साचलेला भुगा मांजराला फार आवडे. पावसाळ्यात परसाचा चिखल झाला, तर ते चुलीजवळच्या राखेचा आश्रय घेई. घरधनीण दोन बोल बोले, राख बदली आणि विसरून जाई. मांजराला वेगळी जागा करून द्यावी लागे असे कधी झालेच नाही. जमीन सर्वांची होती, तशी ती मांजराचीही होती.

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. परंतु या बाबतीत मावशी आणि भाचा यांच्या स्वभावांत मोठे अंतर आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत मेळघाटचे जंगल पसरलेले आहे. देशात अगदी प्रथम जे नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाटचा समावेश होता. तेथे वाघ आपल्या वाटेवरच्या झाडांवर मूत्राचे फवारे उडवतो, मागच्या पायांनी जमीन खरवडतो आणि विष्ठा उघडीच ठेवतो. "हा मुलूख माझा आहे," असे त्याने लिहून ठेवलेले ते पत्रच असते. दुसरा वाघ ते नाकाने वाचतो आणि शहाणा असेल तर वाट बदलतो. मांजर मात्र आपला मागमूस झाकते. कारण उघड आहे. वाघाला भिण्यासारखे जंगलात फारसे कोणी नसते. मांजर हे उंदराचा काळ असले, तरी कोल्ह्याचे आणि लांडग्याचे भक्ष्यही असते. ज्याला शिकार करावयाची आहे आणि शिकार होण्याचे टाळावयाचेही आहे, त्याने आपला ठावठिकाणा लपवलाच पाहिजे.

या सवयीला आणखी एक जुने कारण आहे. आपल्या घरातील मांजराचे पूर्वज पश्चिम आशियाच्या आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशात राहणारी रानमांजरे होती. तेथे पाणी थोडे आणि वाळू उदंड. थोड्या पाण्यावर जगण्याची शक्ती त्यांच्या शरीरात आली. त्यामुळे मांजराचे मूत्र थोडे, परंतु अतिशय तीव्र असते. माणसाने धान्य साठवण्यास आरंभ केला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर संशोधकांना सापडले. त्याचा वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाला. इतक्या जुन्या सोबतीनंतरही मांजराने आपली वाळू सोडली नाही. ते माणसाच्या घरात आले, पण पायांत वाळवंट घेऊन आले.

आता या पायांखालची जमीनच बदलली आहे. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या जुन्या वाड्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. खाली वाहनांसाठी सिमेंटचे अंगण, वर गुळगुळीत फरशी, आणि माती म्हणावी तर गॅलरीतील तुळशीच्या कुंडीपुरती. समजा, अशा एखाद्या तिसऱ्या मजल्यावर पावसात भिजलेले एक पिलू मुलांनी उचलून आणले. त्याचे नाव मनी ठेवले. दोन दिवस सर्वांना कौतुक वाटले. तिसऱ्या दिवशी तुळशीची कुंडी उकरलेली दिसली. चौथ्या दिवशी कपाटाच्या मागे दुर्गंधी आली. पाचव्या दिवशी गादीचा एक कोपरा ओला सापडला. मग घरात तेच ठरते, जे आजवर कित्येक घरांत ठरत आले आहे: पिलाला पोत्यात घालावयाचे आणि नदीपलीकडे नेऊन सोडावयाचे.

मनीचा यात अपराध कोणता? तिने फरशी उकरून पाहिली, तिला खळगा झाला नाही. तिने माती शोधली, ती तुळशीच्या मुळाशी सापडली. आपली स्वच्छता राखण्यासाठीच ती धडपडत होती, आणि त्या धडपडीलाच घाणेरडेपणा हे नाव मिळाले. घरात राहणे अथवा रस्त्यावर गाडीखाली सापडणे यांमधील अंतर कित्येकदा एका पसरट पाटीत घातलेल्या मूठभर भुशाएवढेच असते.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचे एक लहान गाव आहे. तेथे कडाक्याची थंडी पडते. अशा थंडीत मांजराला बाहेर सोडता येत नाही, म्हणून लोक घरात एका पेटीत राख किंवा वाळू ठेवीत. १९४७ सालच्या हिवाळ्यात तेथील एक बाई आपल्या शेजारच्या एडवर्ड लो या तरुणाकडे थोडी वाळू मागण्यास गेली. राखेमुळे तिच्या मांजराची काळी पावले घरभर उमटत होती. लोच्या वडिलांचा व्यवसाय कारखान्यांत सांडलेले तेल टिपणारे पदार्थ विकण्याचा होता. त्यांत लाकडाचा भुसा असे आणि मुलतानी मातीचे दाणेही असत. लोने तिला वाळूऐवजी हे मातीचे दाणे दिले. ते ओल शोषून घेत आणि पायांना चिकटत नसत. बाईला ते इतके आवडले की तिने पुन्हा मागणी केली. लोने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या आणि एका दुकानदाराकडे नेल्या. वाळू मातीमोलाने मिळत असता या पिशवीला ६५ सेंट कोण देईल, अशी दुकानदाराला शंका आली. तेव्हा लोने त्या पिशव्या लोकांना फुकट देण्यास सांगितले. ज्यांनी त्या फुकट नेल्या, तेच पुढे पैसे देऊन त्या मागू लागले. मांजरासाठी माती विकण्याचा एक मोठा धंदा असा एका शेजारणीच्या गरजेतून उभा राहिला.

पुढे १९८० नंतरच्या दशकात याहून वेगळी माती या कामासाठी वापरात आली. तिला बेंटोनाइट म्हणतात. ती ओली झाली की फुगते आणि तिचा घट्ट गोळा होतो. तेवढा गोळा उचलून टाकला की उरलेली माती स्वच्छ राहते. आपल्या देशात ही माती गुजरातेतील कच्छमध्ये आणि राजस्थानात खणून काढली जाते. या मातीचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज आहे. हे नाव वऱ्हाडच्या मुलांना परके वाटेल. परंतु त्या खनिजाशी त्यांची ओळख जन्मापासूनची आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कापसाची जमीन याच जातीच्या मातीने भरलेली आहे. तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरते आणि ती फुगते. म्हणून मृगाच्या पावसात बैलगाडीचे चाक तिच्यात रुतून बसते. ते पाणी उडून गेले की ती आकसते. म्हणून वैशाखात तिला हात आत जावा एवढ्या रुंद भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याच्या या गुणामुळेच ती कापसाचे पीक पोसते.

मग घरच्याच शेतातील काळी माती मनीसाठी का आणू नये? आणून पाहिली तर काय होते ते वऱ्हाडातील प्रत्येक आईला ठाऊक आहे. शाळेतून परतलेल्या मुलांच्या पायांना जे होते, तेच मनीच्या पायांना होईल. ओली काळी माती पंजांना चिकटेल, केसांत वाळेल आणि घरभर तिची ढेकळे सांडतील. शिवाय शेतातील माती ही वाया घालवण्याची वस्तू नव्हे. खडक झिजून तिचा एक थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. खाणीतून काढलेल्या मातीविषयीही हाच विचार मनात येतो. जमीन खणून काढलेली, दूरवरून वाहून आणलेली ही माती मांजराने एकदा वापरली की कचऱ्यात जाते. ती कुजत नाही, जळत नाही. तिची धूळ नाकात जाते, आणि तिचा ओला गोळा मोरीत टाकला तर तेथेही तो फुगून नळ तुंबवतो.

या साऱ्या विचारातून काही लोकांचे लक्ष पुन्हा त्या जुन्या भुशाकडे वळले. मात्र आता तो भुसा नव्या रूपात आला होता. लाकूड कापण्याच्या गिरणीत करवतीखाली भुशाचे ढीग पडतात. सुटा भुसा मोठा अडचणीचा. तो वाऱ्याने उडतो, पाय पडताच सरकतो, मांजराच्या केसांत अडकतो आणि वाहून न्यावा तर गाडीभर जागा अडवूनही वजन थोडेच भरते. १९७० नंतरच्या दशकात खनिज तेल महाग झाले, तेव्हा थंड देशांत या भुशाला दाबून त्याच्या लहान लहान कांड्या करण्याची युक्ती पुढे आली. या कांड्या शेगडीत जाळण्यासाठी होत्या. गुरांना घालावयाच्या सुग्रास खाद्याच्या कांड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांचे रूप सहज कळेल: तपकिरी, बोटाहून बारीक, साधारण सहा ते आठ मिलिमीटर जाड आणि हाताला टणक.

या कांड्या करताना त्यांत बहुधा डिंक किंवा सरस घालावा लागत नाही. लाकडात निसर्गतःच लिग्निन नावाचा पदार्थ असतो. लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवणारा तो जणू चुनाच होय. भुसा प्रथम वाळवून, दळून एकसारखा बारीक करतात. मग जाड पोलादी चकतीच्या छिद्रांतून तो मोठ्या दाबाने पुढे ढकलतात. दाब आणि घर्षण यांमुळे उष्णता निर्माण होते, लिग्निन मऊ होते आणि थंड होताना भुशाचे कण पक्के धरून ठेवते. सुट्या भुशाचा एक घनमीटर ढीग दीडदोनशे किलो भरतो. कांड्यांचा तेवढाच ढीग सहाशे किलोंहून अधिक भरतो. झाडाने उभे राहण्यासाठी जो पदार्थ तयार केला, तोच झाड आडवे झाल्यावरही त्याच्या चुऱ्याला एकत्र ठेवतो, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.

परंतु हे बंधन पाण्यापुढे टिकत नाही. कांडीवर ओल पडली की ती फुगते, दुप्पट-तिप्पट जागा व्यापते आणि पुन्हा भुसा होऊन गळून पडते. शेगडीच्या दृष्टीने हा दोष. मांजराच्या दृष्टीने हाच गुण ठरला. कोरडी कांडी आणि ओला भुसा यांत डोळ्यांना स्पष्ट फरक दिसतो. म्हणून कोणता भाग वापरला गेला ते शोधावे लागत नाही. एका पसरट पाटीत दुसरी चाळणीसारखी भोके असलेली पाटी ठेवावी, तीत दोन बोटे जाडीचा कांड्यांचा थर पसरावा. विष्ठा दिवसातून एक-दोन वेळा खुरप्यासारख्या चमच्याने उचलावी आणि चाळणी हलवावी. भुसा खाली पडतो, कोरड्या कांड्या वर राहतात. वरच्या पाटीत पुन्हा दोन मुठी कांड्यांची भर घालावी, खालचा भुसा काढून टाकावा. ज्वारी चाळताना घरातील बाई कोंडा खाली पाडते आणि दाणा राखते; ही क्रिया त्याहून निराळी नाही.

दुर्गंधीचे काय होते तेही समजून घेतले पाहिजे. ताज्या मूत्राला फारसा उग्र दर्प नसतो. त्यात युरिया असतो. शेतकरी पिकाला जो युरिया घालतो, तोच पदार्थ. जंतू या युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया वायू मोकळा होतो. नाक झोंबते ते या वायूने. त्यासाठी जंतूंना ओल हवी, वेळ हवा. भुसा ओल टिपून घेतो आणि रोजची सफाई जंतूंना वेळ मिळू देत नाही. कांड्यांना लाकडाचा मंद वास असतो, त्याचीही थोडी मदत होते. मात्र कोणत्याही वस्तूच्या अंगी एवढी जादू नाही की ती आळशी माणसाचे घर स्वच्छ ठेवील.

सर्वांत महत्त्वाची संमती मांजराची. वाळवंटातील पूर्वजांची आठवण ठेवणाऱ्या पायांना बारीक, मऊ, वाळूसारखी जागा आवडते. टणक कांड्या त्यांना प्रथम नकोशा वाटतात. अशा वेळी घरातल्या एखाद्या आजीला वाटावे, "मांजराले मातीच पाह्यजे, पोरी. लाकडावर कधी मांजर बसलं हाये काय?" आणि नातीने म्हणावे, "आजी, हे ओलं झालं का याची मातीच होते. आठ दिवस पाहून तर घे." दोघींचेही म्हणणे खरे आहे. म्हणून एकदम बदल करू नये. आरंभी जुन्या माती-वाळूत चार मुठी कांड्या मिसळाव्या, दिवसेंदिवस त्यांचे प्रमाण वाढवावे. खाली पडलेला थोडा स्वच्छ भुसा वर ठेवावा, म्हणजे पंजांना मऊपणा मिळतो. पाटी निवांत कोपऱ्यात असावी, खाण्याच्या वाटीजवळ नसावी. घरात दोन मांजरे असतील तर पाट्या तीन असाव्या. इतके करूनही एखाद्या मांजराने नकार दिला, तर त्याला माती द्यावी. युक्ती मांजरासाठी आहे, मांजर युक्तीसाठी नाही.

नेहमी नीट वागणारे मांजर एकाएकी पाटीबाहेर बसू लागले, तर त्याला मारू नये. त्याचे काही दुखत असण्याचा संभव असतो. विशेषतः बोका पुन्हापुन्हा पाटीत जाऊन बसतो, कण्हतो आणि कांड्या कोरड्याच राहतात, असे दिसले तर त्याची मूत्राची वाट अडलेली असू शकते. त्या वेळी एक दिवसाचा विलंबही त्याच्या जिवावर बेततो. त्याला तत्काळ पशुवैद्याकडे नेले पाहिजे. मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. पण रोज पाटी साफ करणाऱ्या डोळस मुलाला ते वाचता येते.

कोणताही भुसा चालेल असे मात्र नाही. मेळघाटातील सागाचे लाकूड परतवाड्याच्या बाजारात येते आणि आरागिरण्यांतून कापले जाते. सागाचे लाकूड वाळवीला दाद देत नाही, कारण त्याच्या अंगी तीव्र द्रव्ये असतात. त्याच द्रव्यांमुळे सागाच्या धुळीने काही सुतारांच्या अंगाला खाज सुटते, शिंका येतात. असा भुसा जमिनीलगत नाक असणाऱ्या लहान प्राण्याला देणे बरे नव्हे. प्लायवुडच्या भुशात रासायनिक सरस असतो, तोही टाळावा. म्हणून या कामासाठी बहुधा पाइनसारख्या झाडांचे, भट्टीत नीट वाळवलेले लाकूड वापरतात. भट्टीच्या उष्णतेने त्यातील उग्र तेले पुष्कळशी उडून जातात. जळणाच्या ज्या कांड्यांत पेट घेण्यासाठी दुसरे पदार्थ मिसळले असतील, त्या मांजराच्या पाटीत घालू नयेत.

स्वच्छतेचेही काही नियम आहेत. काही मांजरांच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीची अंडी असू शकतात. ती पडताक्षणी बाधक नसतात. बाधक होण्यास त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोजची सफाई हीच मोठी राखण होय. सफाईनंतर साबणाने हात धुवावे. घरात गर्भवती स्त्री असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे. वापरलेला भुसा लाकडाचाच असल्यामुळे तो कुजून मातीत मिसळतो. पण त्याचे खत भाजीच्या वाफ्यात घालू नये. फुलझाडांच्या अथवा मोठ्या झाडांच्या खड्ड्यात, विष्ठा वेगळी काढून, ते पूर्ण कुजल्यावर घालावे. अशा रीतीने झाडाचे लाकूड पुन्हा झाडाच्या मुळाशी जाते.

वऱ्हाडात भुशाची आणि काडीची वाण कधीच नव्हती. कापूस वेचून झाला की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या शेतात उभ्या राहतात. पूर्वी त्या चुलीत जात. घरोघर गॅस आल्यावर त्या बांधावर पडून राहू लागल्या किंवा शेतातच पेटवल्या जाऊ लागल्या. त्या तशाच ठेवाव्या तर गुलाबी बोंडअळी त्यांच्या आश्रयाने पुढच्या हंगामाची वाट पाहते. जाळाव्या तर धूर होतो आणि मातीचा कस जातो. मुंबईत १९२४ साली स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून फळ्या, इंधनाचे ठोकळे आणि कांड्या करण्याच्या पद्धती तयार केल्या. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही शेतातील काडीकचऱ्यापासून इंधन करण्याचा अभ्यास होतो. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर अशा कांड्या काही प्रमाणात जाळाव्या, असे धोरण केंद्र शासनाने २०२१ साली ठरवले. ज्या वस्तूला आपण कचरा म्हणत आलो, तिला आता बाजारभाव आला आहे.

पऱ्हाटीच्या कांड्या उद्या मनीच्या पाटीत येऊ शकतील काय? हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कापसावर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात. त्यांचा अंश कांडीत उरत नाही ना, ते आधी तपासावे लागेल. काडी किती ओल टिपते, तिची धूळ किती होते, हेही पाहावे लागेल. कदाचित आज हे पान वाचणारी एखादी मुलगी पुढे प्रयोगशाळेत बसून या प्रश्नाचे उत्तर शोधील. मोठे शोध पुष्कळदा अशा लहान गरजांच्या पोटीच जन्म घेतात.

कांड्या कोठून आल्या, कशा झाल्या, हा एक भाग झाला. ती पाटी रोज कोण साफ करणार, हा दुसरा आणि अधिक अवघड भाग. पिलाला घरी आणण्यास सर्व हात पुढे येतात. पाटी उचलताना ते हात मागे जातात. शेवटी ते काम आईच्या नाहीतर मोलकरणीच्या वाट्याला येते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजींनी, म्हणजे संत गाडगेबाबांनी, याच गोष्टीचा आयुष्यभर विचार केला. ते गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. दुसऱ्याने केलेली घाण आपल्या हातांनी उचलण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी उपदेशाने नव्हे तर खराट्याने शिकवले. मुक्या प्राण्यांचा बळी देऊ नका, त्यांना अभय द्या, असेही ते लोकांना कळवळून सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले; आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. स्वच्छता आणि भूतदया ही त्यांनी वेगळी मानली नाहीत. जो घाण उचलण्यास तयार आहे, त्याच्याच दयेला अर्थ असतो.

मांजर आपल्यापरीने आपले कर्तव्य चोख बजावते. ते खळगा करते आणि तो झाकते. माती होती तोवर पुढचे सारे काम मातीने केले. कोणाला काही न सांगता तिने सर्व पोटात घेतले. आपण ती माती फरशीखाली गाडली, तेव्हा तिचे काम आपल्याकडे आले. दिवसाची पाच मिनिटे, चाळणीचे दोन हेलकावे आणि दोन मुठी कांड्या एवढेच ते काम आहे. ज्या घरातील मूल ते न सांगता करते, त्या घरातून कोणत्याही मनीला पोत्यात बसून नदीपलीकडे जावे लागत नाही.